झालं का?

२ जुलै

टाचणी यांस,

तुमचे खरे नाव मला माहीत नाही. माझ्या यजमानांच्या कॉम्प्युटरवर निरोप पाठवण्याचा जो प्रोग्रॅम आहे, त्यात तुमचे नाव 'टाचणी' आहे आणि ह्यांचे 'लिफ्टवाला'. पत्ता मात्र सापडला. मागच्या वर्षी ह्यांनी तुम्हाला हेडफोन पाठवले होते, त्या पार्सलची पावती टूलबॉक्समध्ये होती. तिच्यावरही नाव 'टाचणी'च.

कळवायचे ते असे की हे १३ जूनला गेले. १० तारखेला एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये, ह्यांना त्रास सुरू झाला. हृदयविकार. दवाखान्यात चौथ्या दिवशी सकाळी संपले.

कॉम्प्युटर बंद करण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. ११ जूनपासून रोज पहाटे पाच चाळीसला त्यावर तुमची ओळ येते. 'लिफ्टवाले, आहात का?' पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दचकले. आता चहा घेऊन समोर बसते आणि ती येण्याची वाट पाहते. काल एकविसावी आली. उत्तर देता आले असते, तेवढा कॉम्प्युटर मला येतो. दिले नाही.

हे अकरा वर्षे रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा तिथे बसत. त्या सगळ्या बोलण्यातले एक अक्षरही शिल्लक नाही. मी शोधले. 'कानगोष्ट' नावाचे एक फोल्डर आहे, त्यातल्या फायली मला कळत नाहीत. मी बियाणे तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शंभर बिया ओल्या कागदावर मांडायच्या आणि किती रुजल्या ते मोजून लिहायचे. आमच्याकडे नोंद पुसत नाहीत. चुकली तरी एक रेघ मारून वर नवी लिहितात, खालची दिसली पाहिजे. म्हणून विचारते, पुसण्यासारखे काय होते?

उत्तर पत्राने द्यावे. त्या खिडकीत लिहू नये.

लिफ्टवाल्याची बायको


९ जुलै

आदरणीय वहिनी,

तुमचं पत्र काल मिळालं. अठ्ठावीस दिवस मी त्यांच्यावर चिडून होते. न सांगता सुट्टीवर गेले, आले की चांगली सुनावते, असं रोज ठरवत होते. काय बोलायचं तेही तयार होतं. आता त्यातला शब्द न् शब्द आठवून लाज वाटते. तुम्हाला काय धीर देणार? मलाच कोणीतरी द्यावा असं झालंय.

पुसण्यासारखं काहीही नव्हतं, वहिनी. ऐकलेला निरोप पुसायचा, हा कानगोष्टीचाच नियम आहे. त्याचं कारण जरा लांबलचक आहे, कधीतरी सांगेन. कानगोष्ट म्हणजे तुम्ही पाहता त्या प्रोग्रॅमला जोडायचं एक प्लगिन. मूळ प्रोग्रॅम फक्त निरोप दाखवतो. हे जोडलं की निरोप मोठ्याने वाचला जातो. ज्यांना पडद्यावर वाचणं जमत नाही अशी सहाशे चाळीस माणसं ते वापरतात. प्रोग्रॅम लिहायचे लिफ्टवाले, चुका काढायचे मी. म्हणून मी टाचणी. रोज पहाटेचा तास त्यातच जायचा. तुमचा यातला वाटा मी वेगळा सांगायला नको.

आता एक विनंती करते. आत्ता करू नये, पण इलाज नाही. १ ऑक्टोबरला मूळ प्रोग्रॅम बदलतोय. त्या दिवशी जुनी कानगोष्ट बंद पडेल. नवी मी जवळजवळ तयार केली आहे, पण ती खरी आमचीच आहे हे पटवायला एक फाईल लागते, तिला आम्ही किल्ली म्हणतो. ती फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे. एक प्रत मला द्या म्हणून मी कितीदा मागे लागले. 'मी कुठे पळून चाललोय?' म्हणायचे. तुम्ही ती शोधून पाठवलीत तर सहाशे चाळीस घरं बोलती राहतील.

मार्चपासून छातीत दुखतंय म्हणत होते, तेव्हाच मी जास्त हट्ट करायला हवा होता. हे मनातून जात नाही.

तुमची,
टाचणी


१६ जुलै

टाचणीबाई,

मला वहिनी म्हणू नका. वहिनी म्हणायला आधी ह्यांना भाऊ मानावे लागते. तुम्ही मानत होता की नाही, मला माहीत नाही.

मार्चपासून, असे तुम्ही सहज लिहून गेलात. मला १० जूनला दुपारी कळले, तेही ह्यांच्या सुपरवायझरने फोन केला म्हणून. मार्चमध्ये आम्ही दोघांनी मिळून लोखंडी कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकवले. ते हलेना. मी म्हटले, 'अहो, जरा जोर लावा की.' ह्यांनी लावला. आता ते कपाट जिथे आहे तिथे मला बघवत नाही आणि एकटीला ते हलवता येत नाही.

हे घरी किती बोलत ते सांगते. 'निघतो.' 'आलो.' 'मीठ कमी आहे.' 'दिवा राहिला.' वाढदिवसाला 'हे घे.' मी कधी तक्रार केली नाही. माझी समजूत होती की काही माणसांजवळ शब्दच थोडे असतात, त्यांना ते पुरवून वापरावे लागतात. ते रोज पहाटे तासभर तुमच्याकडे जात होते हे आता कळले. बहीण म्हणाली, 'अगं, नुसतं कॉम्प्युटरचं काम असेल.' तिला मी मार्चचे सांगितले. मग तिने विषय बदलला.

तुम्ही पत्र टाइप करून पाठवले. नवरा गेलेल्या बाईला चार ओळी हाताने लिहाव्यात असे तुम्हाला वाटले नाही. सहीसुद्धा वाकडी, कागदाच्या कडेवरून घसरलेली, उभ्या उभ्या केल्यासारखी.

'तुमचा यातला वाटा' म्हणजे पहाटेचा चहा असेल, तर तो मी अकरा वर्षे दिला. कोणाच्या गप्पांसाठी देते आहे ते माहीत नव्हते.

किल्ली मी शोधणार नाही. त्या सहाशे चाळीस लोकांना दुसरे काहीतरी मिळेल. मला मिळणार नाही.

लिफ्टवाल्याची बायको


२५ जुलै

तुम्हाला,

काय म्हणून हाक मारू ते कळत नाही, म्हणून नुसतंच तुम्हाला.

तुमचं पत्र मला माझ्या वहिनीने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी ती थांबली आणि पुढे सरकली. तिचा श्वास मला पाठ आहे. म्हटलं, 'गाळू नकोस.' मग तिने भाऊ मानण्याचं वाक्य वाचलं आणि नंतर सहीचं. मी दोन्ही पुन्हा वाचून घेतली.

मला दिसत नाही. जन्मापासून नाही. मी टाइप करते ते यंत्र बोलून दाखवतं, पण हाताने लिहिलेलं ना मला लिहिता येत, ना वाचता. सही तेवढी शिकले आहे. वहिनी माझं बोट कागदावर ठेवून जागा दाखवते आणि तिथून मी सुरू करते. कुठे संपते ते मला कळत नाही.

हे पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. मी एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काम करते. तिथे मी दिसत नाही, म्हणून सगळे माझ्याशी सरळ बोलतात. वैतागतात, घाई करतात, थट्टाही करतात. एकदा समोर येऊन कळलं की आवाज बदलतो. हळू आणि मोठ्याने बोलायला लागतात, जशी काही मी बहिरीच आहे. तुमच्याशी सुरुवात तशी नको होती. आता तुम्ही माझ्याशी सरळ भांडलात. ते मला बरं वाटलं, हेही खरं.

पुसण्याचं कारण असं. आमच्यातल्या बहुतेकांचा कॉम्प्युटर घरातल्या सगळ्यांचा असतो. मागे कोण उभं राहून वाचतंय ते आम्हाला समजत नाही. माझं एका मैत्रिणीशी भांडण झालं होतं. दोघींनी काय काय लिहिलं ते माझ्याआधी घरातल्या चार जणांना माहीत झालं होतं. हे मी लिफ्टवाल्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी लिहिलं, 'झालं काम. आता बटण दाबून निरोप ऐकला की तो पडद्यावरून जाईल. न ऐकलेला तेवढा राहील.' माझ्या ओळी तुमच्याकडे दिसतात त्या म्हणूनच. त्या कोणी ऐकलेल्या नाहीत.

आता तुमच्या वाट्याचं. तुमच्या पत्रावरून कळलं की तुम्हाला ते ठाऊकच नाही. वहिनी म्हणाली, 'अगं बाई, त्याने हिला सांगितलंच नाही की काय!'

अकरा वर्षांपूर्वी आपल्या भाषेत नीट वाचणारा आवाज तयार मिळत नव्हता. जो मिळे तो परका, दगडावर दगड आपटल्यासारखा. लिफ्टवाल्यांनी सगळी बाराखडी आणि नेहमीचे दोन हजार चारशे शब्द घरी म्हणवून घेतले. ते एकापुढे एक जोडून कानगोष्ट बोलते. तो आवाज तुमचा आहे. निरोप संपला हे कळायला दुसरे प्रोग्रॅम टुंग करतात. आमच्याकडे तुम्ही विचारता, 'झालं का?' जरा वैतागून. कोणीतरी एकदा सुचवलं, त्याऐवजी घंटी घाला. सहाशे चाळीस जण अंगावर आले.

तेव्हा त्यांचं माझ्याशी झालेलं सगळं बोलणं मी तुमच्या तोंडून ऐकलं आहे. मार्चमधलंही. मी विचारलं, घरी सांगितलंत का? त्यांनी लिहिलं, 'तिला सांगितलं तर ती दिवस मोजत बसेल. प्रयोगशाळेत मोजतेच, घरी तरी नको.' हे तुमच्याच आवाजात माझ्या कानात आलं. आणि शेवटी तुम्हीच विचारलंत, 'झालं का?'

मी चार वेळा म्हटलं, सांगा. पाचव्यांदा म्हटलं नाही. ती चूक माझी.

टाचणी

(खाली मी, वाचणारी वहिनी, माझ्या हाताने लिहिते. हिला सांगितलेलं नाही. बाई, त्या एका सहीसाठी हिने तीन कागद वाया घालवले. न बोलणाऱ्या नवऱ्याचं मला सांगू नका, माझा तर हाताशी पडलेला रिमोटसुद्धा खुणेने मागतो. तुमचं अक्षर सुरेख आहे, वाचायला त्रास होत नाही. रागावायचं तर रागवा, पण लिहीत जा. पत्र आलं की ही दोन घास जास्त खाते.)


२० ऑगस्ट

टाचणीबाई,

सहीबद्दल लिहिले ते मागे घेते. तुमच्या वहिनींनाही सांगा. बाकीचे मागे घेत नाही.

उत्तराला उशीर झाला. आधी मला एक गोष्ट तपासून पाहायची होती आणि तिला हात लावण्याचे धाडस होत नव्हते.

ते शब्द मी म्हटले होते हे आठवते. सहा आठवडे, संध्याकाळी सहा ते सात, आतल्या खोलीत, दाराला ब्लँकेट लावून. 'कामासाठी पाहिजे,' एवढेच हे म्हणाले. ह्यांचे काम लिफ्टचे. माझी समजूत झाली की लिफ्ट बोलणार आहे आणि ती माझ्या आवाजात बोलणार आहे. यादीत आकडे होते, 'वर', 'खाली', 'दार', 'थांबा' होते. 'काकडी', 'जावई' आणि 'सर्दी' लिफ्टला कशाला लागतात, हे मी विचारले नाही. ह्यांनीही सांगितले नाही. आमच्यात तसेच चाले.

पुढे वर्षभराने बँकेच्या नव्या इमारतीत लिफ्ट खरोखरच बोलली. 'दुसरा मजला.' कोणा दुसऱ्या बाईचा आवाज. गोड, मध घातलेला. माझा नापास झाला असे मी समजले. ह्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून विषय काढला नाही, असेही समजले. तेव्हापासून जिथे लिफ्ट बोलते तिथे मी जिन्याने जाते. दवाखान्यातही ते चार दिवस पाच मजले जिन्यानेच चढले. हे कधी बरोबर असले तर विचारत, 'आज जिन्याने का?' मी म्हणे, 'गुडघ्यांना बरे.' ते लिफ्टने वर जाऊन माझी वाट पाहत उभे राहत. दहा वर्षे त्या बाईवर माझा राग होता. तिची काही चूक नव्हती.

तर तपासण्याची गोष्ट. ह्यांच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरची तार काढून ठेवलेली होती. हे वाचू शकत, त्यांना ऐकायची गरज नव्हती; बटण नुसते पुसण्यापुरते दाबत असतील. आणि मी ऐकू नये असेही असेल. रविवारी मी ती जोडली. तुम्ही लिहिलेले बटण दाबले.

'लिफ्टवाले, आहात का?' मी म्हणाले. म्हणजे कॉम्प्युटर म्हणाला. मग, 'झालं का?' आणि ती ओळ पडद्यावरून गेली.

तो माझाच आवाज आहे, फक्त त्यात सर्दी आहे. त्या वर्षी मला फार दिवस सर्दी होती. मी पुन्हा बटण दाबले. सत्तावीस ओळी ऐकल्या. दर वेळी मीच ह्यांना विचारत होते, आहात का. अठ्ठावीसवी ऐकली नाही. ती पडद्यावर आहे आणि तिथेच राहील.

एक स्पष्ट सांगते. राग गेलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. आधी वाटे, ह्यांनी स्वतःचे शब्द तुम्हाला दिले. आता कळते की माझेही दिले. मला न विचारता, सहाशे चाळीस जणांना. तुम्हा सगळ्यांच्या घरी मी रोज बोलत होते आणि माझ्या घरी 'आलो' आणि 'निघतो'.

दोन गोष्टी विचारते. हे माझ्याबद्दल तुमच्याशी काय बोलत? आणि तुम्हाला हे आवडत होते का? तुमच्या वहिनींनी गाळू नये.

किल्लीचे ठरलेले नाही.

लिफ्टवाल्याची बायको


२९ ऑगस्ट

तुम्हाला,

वहिनीने गाळलं नाही. उलट शेवटचा प्रश्न ठसक्यात वाचला आणि वर 'हं, बोल आता' म्हणून समोर बसून राहिली. तिला बाहेर पाठवून हे लिहिते आहे.

तुमच्याबद्दल ते फार बोलत नसत. रोज सहा वीसला एवढंच यायचं, 'चहा आला.' क्वचित पुढे काहीतरी. 'आज गुणगुणते आहे.' 'आज कप जोरात ठेवला. काल माझं काहीतरी चुकलं. काय ते शोधतोय.' हे शोधणं कधी कधी तीन दिवस चालायचं. मी म्हणायचे, अहो, तिलाच विचारा ना. ते लिहायचे, 'विचारलं तर सांगेल की.' मला ते कधी कळलं नाही. तुम्हाला कळेल कदाचित.

दुसऱ्याचं उत्तर, हो.

आता ते कसं, हे सांगायला मला जमेल असं वाटत नाही. मी त्यांना कधी भेटले नाही. आवाजही ऐकला नाही. फोन करा म्हटलं की 'फोनवर मला बोलता येत नाही.' मी दिवसभर फोनवर बोलणारी बाई, मला हे पटायचं नाही. माणूस मला आवाजाने कळतो, तुम्हाला चेहऱ्याने कळतो तसा. आणि माझ्या डोक्यातले लिफ्टवाले बाईच्या आवाजात बोलतात. सर्दी झालेल्या, वैतागलेल्या बाईच्या. कधी ते काही मायेचं लिहायचे, तेही तुमच्या तोंडून यायचं, आणि मला वाटायचं की मी दोघांच्या मध्ये बसून दुसऱ्या कोणासाठी असलेलं ऐकते आहे.

मला तुमचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. तुमच्या पत्रातले ते शब्द, 'निघतो', 'आलो', 'हे घे', मी वहिनीकडून कितीदा वाचून घेतले. शेवटी ती म्हणाली, 'अगं, आता कागद झिजेल.' चार हजार सकाळी माझ्याकडे आहेत आणि त्यांत त्यांचा स्वतःचा एक उच्चार नाही. तुमच्याकडे रोजचा 'आलो' होता.

कसा होता आवाज? सांगाल? जाड होता की बारीक, एवढं कळलं तरी चालेल.

किल्लीचं तुम्ही ठरवाल ते. मी सगळ्यांना कळवून ठेवलंय की १ ऑक्टोबरला कदाचित बंद होईल. एका आजीबाईंनी उलट विचारलं, 'मग ती बाई कुठे जाणार?' नव्या प्रोग्रॅमला एकतीस नवे शब्द लागतात, त्यांची यादी सोबत आहे. नाही म्हटलंत तरी राग नाही.

टाचणी


१४ सप्टेंबर

टाचणी,

आवाज जाड नव्हता. कोरडा होता. शब्दाचा शेवट गिळण्याची सवय होती, 'आलो' मधला 'लो' जेमतेम येत असे. बोलण्याआधी घसा साफ करत, एका शब्दासाठीसुद्धा. त्यामुळे हे बोलणार हे मला आधी कळे. तुमच्या पत्रापर्यंत माझ्याकडे एवढेच होते, तेही आठवणीतले.

किल्ली शोधायला म्हणून मी ते फोल्डर उघडले. ती लगेच सापडली, फाईलचे नावच 'किल्ली' आहे. त्याच्या आत आणखी एक फोल्डर होते, 'कच्चे'. छत्तीस फायली, प्रत्येक तासाभराची. स्पीकर जोडलेलाच होता.

एक गोष्ट मी पार विसरून गेले होते. त्या दिवसांत मला जवळचे दिसेनासे झाले होते आणि चष्मा लावायला मी तयार नव्हते. यादी ह्यांच्या हातात असे. हे आधी शब्द म्हणत आणि मागून मी. 'सर्दी.' 'सर्दी.' 'सवय.' 'सवय.' 'सावकाश.' 'सावकाश.' सगळे असेच आहे. नंतर बसून ह्यांनी स्वतःचा प्रत्येक शब्द कापला आणि माझा ठेवला, तो तुमच्याकडे आला. कापण्याआधीचे मात्र ह्यांनी पुसले नाही. हे मी नोंदीत लिहिल्यासारखे लिहिते आहे, कारण दुसरे कसे लिहावे ते कळत नाही. मी रोज संध्याकाळी सहा ते सात एक फाईल ऐकते. काल तेरावी झाली. एका दिवशी एकच.

एका जागी हे म्हणतात 'नवरा' आणि मी हसते. हे थांबतात आणि पुन्हा म्हणतात, 'नवरा.' मी पुन्हा हसते. तिसऱ्यांदा हे म्हणतात, 'बरं, पुढे जाऊ.' यादीत बघा, तुमच्याकडे तो शब्द आहे का? नसला तर अक्षरे जोडून बोलत असेल.

एक दिवस वाटले, हे सगळे तुम्हाला पाठवावे. यादीतले दोन हजार चारशे शब्द आणि बाराखडी, ह्यांच्या आवाजात. तुम्ही मागितले नव्हते, फक्त आवाज कसा एवढे विचारले होते. पेन ड्राइव्ह आणला, फायली घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काढल्या. तुम्ही हो लिहिलेत ते मला आवडले नाही. खरे लिहिलेत, पण आवडले नाही. तुमच्याकडे चार हजार सकाळी आहेत. हे माझ्याकडे राहू द्या.

एकतीस शब्द मी म्हटले आहेत. आतल्या खोलीत, दाराला ब्लँकेट लावून. आता चष्मा आहे, यादी मीच धरली. पुढून म्हणणारे कोणी नव्हते म्हणून काही जागी घाई झाली असेल. आवाज जुन्याला जुळत नाही. सर्दी नाही, वय आहे. आजीबाईंना सांगा, बाई कुठे जात नाही. 'झालं का' मात्र मी नवे म्हणणार नाही. ते जुनेच ठेवा.

त्याच्याबद्दल एक सांगायचे राहिले. दर संध्याकाळी तासाच्या शेवटी मी कंटाळून विचारते, 'झालं का?' तुम्ही ऐकता ते तिथलेच कुठले तरी आहे. पण त्याच्या पुढे ह्यांचे उत्तर आहे, ते हे कापत. मी विचारते, 'झालं का?' हे घसा साफ करतात आणि म्हणतात, 'अजून एकच.' आतापर्यंत ऐकलेल्या तेराही संध्याकाळी. आणि एक कधीच नसतो, पुढे दहा-बारा शब्द होतात आणि मी मुकाट्याने म्हणत जाते.

सोबतच्या पेन ड्राइव्हवर किल्ली आहे, माझे एकतीस शब्द आहेत आणि 'एकच' नावाची एक लहान फाईल आहे. ती दोन सेकंदांची आहे. कापायला मला दोन दिवस लागले. तिच्यात मी नाही. आधी घसा साफ केलेला येईल, तोही ठेवला आहे. हे पत्र तुमच्या वहिनींनी वाचावे, पण ती फाईल लावताना त्यांना खोलीबाहेर बसवा.

तेवढे तुमचे. बाकीचे माझे.

लिफ्टवाल्याची बायको